कोनाड्यातली लाखबंद बाटली

(या भागाचं हे लिखित रूप. माइकसमोर जे बोललो तेच थोडं आवरून लिहिलंय. बोलण्याचा बाज मात्र मुद्दाम तसाच ठेवलाय.)

हातात चहाचा कप असेल तर उत्तम, कारण आजची गोष्ट चहाच्या दुधापासूनच सुरू होते.

आमचं गाव परतूर. आज जालना जिल्ह्यात आहे, मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या रेल्वे लाइनवरचं स्टेशन. त्या स्टेशनच्या रस्त्याला आमच्या आबांचं, म्हणजे आजोबांचं, हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे एक भट्टी, दोन बाकडी, काचेच्या बरणीत शेव आणि खारी. आमच्याकडे चहाच्या टपरीलाही हॉटेलच म्हणतात, त्यामुळे हसू नका.

१९७१ चा उन्हाळा. आजीने ही गोष्ट मला इतक्या वेळा सांगितलीय की मी तिथे होतो असंच वाटतं. दुपारी बाहेरगावाहून एक साहेब आले, सोबत शिपाई. साहेबांनी दूध मागितलं. आबांना वाटलं, साहेब चहाऐवजी दूध पिणार. त्यांनी पेला विसळला. साहेब म्हणाले, "प्यायला नको, तपासायला पाहिजे." मग दूध मोजून घेतलं, त्याचे पैसे दिले, पैसे मिळाल्याची सही घेतली. समोरच्या पानवाल्याला साक्षीदार म्हणून बोलावलं. दुधाचे तीन भाग केले, तीन बाटल्यांत भरले, प्रत्येकीत औषधाचे थेंब टाकले. बुचावर कागद, कागदावर दोरा, दोऱ्यावर लाख, लाखेवर शिक्का. आणि जाताना एक बाटली आबांच्याच हातात दिली. "ही जपून ठेवा. सील तोडू नका."

आबांनी ती देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवली आणि त्या रात्रीपासून त्यांची झोप उडाली. नंतर ना निकालाचा कागद आला, ना कोर्टाचा समन्स. प्रकरण संपलं असंही कुणी सांगितलं नाही. आम्ही नातवंडं त्या बाटलीकडे हात नेला की आजी ओरडायची, "हात नको लावू रे, सरकारची हाय ती!"

आजचा भाग त्या बाटलीचा इतिहास आहे. खाण्याच्या तपासणीला इतके कागद का लागतात, ते कुणी आणले, आणि तपासणारा माणूस कसा नेमला जातो? शेवटचा प्रश्न स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी नीट ऐका.

तीन भागांची कल्पना कुठून आली?

भेसळ ही काही आजची गोष्ट नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्य, तेल, मीठ, औषधं यांत तसाच दिसणारा दुसरा माल मिसळणाऱ्याला १२ पण दंड सांगितलाय. म्हणजे शिक्षा जुनीच. अडचण होती ती भेसळ सिद्ध करण्याची.

आता थोडं लांब जाऊ, इंग्लंडमध्ये. १८५८ साली ब्रॅडफर्ड गावात बाजारातल्या गोळ्या खाऊन सुमारे २० माणसं मेली आणि २०० च्या वर आजारी पडली. साखर वाचवायला गोळ्यांमध्ये स्वस्त पांढरी भुकटी घालायची पद्धत होती. त्या दिवशी औषधवाल्याच्या दुकानातून चुकून भुकटीऐवजी आर्सेनिक दिलं गेलं. देश हादरला. १८६० मध्ये भेसळीविरुद्ध कायदा झाला, पण तो लेचापेचा निघाला. मग १८७५ साली नवा कायदा आला आणि त्यात आपल्या गोष्टीचं बी आहे. माल घेणाऱ्याने विक्रेत्याला तिथल्या तिथे सांगायचं की मी हा तपासायला देणार आहे. मालाचे तीन भाग करायची तयारी दाखवायची. एक विक्रेत्याला, एक तपासनिसाला, आणि एक पुढे वाद झाला तर पडताळायला राखून ठेवायचा.

विचार करा, किती साधी युक्ती आहे. सरकारी माणूस खोटं बोलू शकतो, दुकानदारही खोटं बोलू शकतो, प्रयोगशाळा चुकू शकते. मग एकाच दुधाचे तीन साक्षीदार तयार करून तीन जागी ठेवून द्या. आमच्या कोनाड्यातली बाटली म्हणजे आबांच्या बाजूचा साक्षीदार होती. फक्त हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना ती आरोपाची बाटली वाटत राहिली.

परतूरला कायदा कधी पोचला?

ब्रिटिश हिंदुस्थानात १८६० च्या दंड संहितेत भेसळीची कलमं होती, २७२ आणि २७३. सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड. पुढे प्रांतांनी आपापले कायदे केले, मुंबई प्रांताचा १९२५ चा. पण परतूर होतं निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तेव्हा मुंबईचा कायदा इथे लागू नव्हताच. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. मग संविधानाने भेसळ हा विषय समवर्ती सूचीत टाकला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. आणि १९५४ मध्ये संसदेने अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा केला. तो १ जून १९५५ पासून लागू झाला. आता मुंबई काय, हैदराबाद काय, नियम एकच.

परतूरने त्यानंतरही बरेच पत्ते बदलले. १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. १९७१ साली आम्ही परभणी जिल्ह्यात होतो. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि परतूर तिकडे गेलं. जिल्हा बदलला, पण कोनाड्यातली बाटली काही हलली नाही.

एकेक कागद, एकेक भीती

मी या जुन्या कायद्याचे नियम वाचायला बसलो तेव्हा आधी कंटाळा आला. फॉर्म सहा, फॉर्म सात, अमुक नोंद, तमुक सही. नंतर एक खेळ सुचला. प्रत्येक कागदाला विचारायचं, "तू कुणाला घाबरून जन्माला आलास?"

फॉर्म सहा म्हणजे विक्रेत्याला तिथल्या तिथे द्यायची लेखी सूचना. भीती ही की निरीक्षक गुपचूप दूध उचलेल आणि नंतर म्हणेल, याच्याकडून घेतलं.

दुधाचे पैसे का दिले? कारण निरीक्षकाने फुकट घ्यायची सवय लावून घेऊ नये, आणि तो माल विकायलाच ठेवला होता हेही सिद्ध व्हावं.

पानवाला साक्षीदार का? कारण दोन माणसांच्या भांडणात तिसऱ्याची सही लागते.

थेंब कसले? फॉर्मलिनचे. दूध नासू नये म्हणून. नासलेला साक्षीदार काय बोलणार!

आणि माझा आवडता नियम. प्रयोगशाळेत बाटलीसोबत फॉर्म सात जायचा, पण त्याची दुसरी प्रत आणि शिक्क्याचा ठसा वेगळ्या पाकिटातून पाठवायचा. भीती ही की रस्त्यात कुणी बाटली बदलेल. बाटली बदलणारा दुसऱ्या पाकिटातला ठसा कसा बदलणार?

एवढंच नाही. निकाल मान्य नसेल तर कोर्टामार्फत राखलेला नमुना केंद्रीय प्रयोगशाळेत पाठवायचा हक्क होता. ती त्या काळी कलकत्त्याला होती आणि तिचा अहवाल शेवटचा.

म्हणजे हे सगळे कागद बहुतेक दुकानदाराला वाचवायला आहेत. तरी आबा घाबरले, आणि त्याला कारण होतं. महाराष्ट्रात म्हशीच्या दुधात ६ टक्के स्निग्धांश हवा असा निकष होता. कमी भरलं तर पाणी कुणी घातलं, गवळ्याने की हॉटेलवाल्याने, हा प्रश्नच नाही. ज्याच्याकडे नमुना सापडला तो अडकला. त्यातून सुटायची एक वाट कायद्यात होती. माल घेताना लेखी हमी किंवा बिल घेतलेलं असेल, आणि माल घेतला तसाच विकला असेल, तर विक्रेता सुटू शकतो.

आता मला सांगा, १९७१ साली खेड्यातून सायकलला कॅन अडकवून येणारा गवळी बिल देत होता का? त्याला लिहिता येत नव्हतं. आबांना जेमतेम सही येत होती. मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याकडे बिलबुक होतं, वकील होता. आबांकडे फक्त गवळ्याचा शब्द होता. वाचवणारा कागद कायद्यात होता, आमच्या घरात नव्हता.

पुढे १९७६ मध्ये कायदा बदलला. शिक्षा कडक झाली, बहुतेक गुन्ह्यांना किमान सहा महिने कैद. आणि विक्रेत्याच्या हातात बाटली द्यायची पद्धत बंद झाली. एक भाग प्रयोगशाळेला, उरलेले दोन स्थानिक आरोग्य प्राधिकाऱ्याकडे. त्यामुळे आमच्या कोनाड्यातली बाटली तशी दुर्मीळच म्हणायची.

कागद चुकला की काय होतं?

"अहो, फॉर्मालिटी आहे, सही करा" असं आपण रोज ऐकतो. पण या क्षेत्रात फॉर्मालिटी चुकली की काय होतं, याची चार उदाहरणं देतो.

पहिलं, दिल्लीतल्या एका दहीविक्रेत्याचं. १९६१ मध्ये नमुना घेतला, खटला भरायला कित्येक महिने लावले. त्याने आपला भाग केंद्रीय प्रयोगशाळेत पाठवा म्हटलं, तर तोवर दही कुजून गेलेलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सांगितलं, तुमच्या उशिरामुळे याचा पडताळणीचा हक्क गेला, शिक्षा टिकत नाही.

दुसरं उलट्या बाजूचं. नमुना नियमात लिहिलेल्या वजनापेक्षा थोडा कमी घेतला तर आरोपी सुटावा का? महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वजन बंधनकारक मानलं होतं. १९७८ मध्ये केरळच्या खटल्यात न्यायालयाने मत बदललं. नमुना तपासायला पुरला ना, मग बस्स. म्हणजे कोणता कागद जीव आणि कोणता नुसता कपडा, हे ठरवायला न्यायाधीशांनाही वेळ लागला.

तिसरं गुटख्याचं. महाराष्ट्राने २००२ मध्ये पाच वर्षांसाठी गुटखाबंदी केली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. गुटखा चांगला आहे असं न्यायालय म्हणालं नाही. म्हणालं, अशी बंदी घालायचा अधिकार या कायद्याने राज्याच्या त्या अधिकाऱ्याला दिलेला नाही. थोडक्यात, सही चुकीच्या माणसाची होती. मग नवा कायदा आल्यावर २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली. पण त्या कलमाखालचा आदेश एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष टिकतो. म्हणून दरवर्षी नवा आदेश काढावा लागतो.

चौथं तुम्हाला आठवत असेल. मॅगी. २०१४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत एका पाकिटाचा नमुना घेतला गेला आणि जून २०१५ मध्ये देशभर बंदी. १३ ऑगस्ट २०१५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला. कंपनीला बाजू मांडायची संधी दिली नाही, आणि ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्यांना कायद्याला हवी ती मान्यता नव्हती. न्यायालयाने तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी करायला लावली आणि त्यात नूडल्स पास झाल्या.

आता गंमत बघा. नियम परतूरच्या चहावाल्याला आणि नेस्लेसारख्या कंपनीला एकच. फरक एवढाच की एकाला त्याच्या हक्काची बाटली म्हणजे काय ते कळलं, दुसरा तिला घाबरून जगला.

साहेब कसा नेमतात?

आता भरतीकडे येऊ. जुन्या कायद्यात पद होतं अन्न निरीक्षक. त्यासाठी डॉक्टर चालायचा, नाहीतर रसायनशास्त्र हा एक विषय असलेला विज्ञान पदवीधर, शेती, पशुवैद्यक, फार्मसी, अन्न किंवा दुग्ध तंत्रज्ञानवाला, आणि वर तीन महिन्यांचं प्रशिक्षण. एक अट मला फार आवडते. खाद्यपदार्थ बनवण्या-विकण्यात ज्याचा पैशाचा हितसंबंध आहे त्याला नेमायचं नाही.

२००६ मध्ये अन्न सुरक्षा आणि मानके कायदा झाला, ५ ऑगस्ट २०११ पासून तो पूर्णपणे लागू झाला आणि अन्न निरीक्षकाचा झाला अन्न सुरक्षा अधिकारी. आपल्याकडे ही पदं एमपीएससीमार्फत भरतात. माझा मामेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, २०१९ मध्ये या पदाची तयारी करत होता. रसायनशास्त्रात बी.एस्सी., पुस्तकांचा गठ्ठा, अभ्यासिकेची फी भरलेली. एके दिवशी नियम नीट वाचले. २०११ च्या नियमांत अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, कृषी, पशुवैद्यक अशा पदव्या आहेत. रसायनशास्त्र असेल तर मात्र एम.एस्सी. लागते! १९७१ साली जो दादा साहेब होऊ शकला असता, तो २०१९ मध्ये अर्जही करू शकत नव्हता. तेव्हा मित्रांनो, पुस्तकं घेण्याआधी जाहिरातीतली अर्हता वाचा. हा सल्ला दादाने स्वतः द्यायला सांगितलाय.

अट कडक झाली ते एका अर्थी बरोबरच आहे, आज खाण्यात काय काय असतं बघा. पण दुसरी बाजूही आहे. नव्या कायद्यात नमुन्याचे तीनऐवजी चार भाग होतात. चौथा भाग विक्रेत्याने मागितला तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. सूचना फॉर्म ५-अ मध्ये. विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत, त्यावर अपील ३० दिवसांत. अधिकाऱ्याने विनाकारण त्रास दिला तर त्यालाच एक लाखापर्यंत दंड. कागद आणखी चांगले झाले. ते लिहिणारी माणसं?

देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये या कायद्याच्या अंमलबजावणीवर अहवाल दिला. त्यात मनुष्यबळाच्या तुटवड्यावर बोट ठेवलंय. राज्यांच्या ७२ प्रयोगशाळांपैकी ६५ जणांकडे राष्ट्रीय मान्यता नव्हती. आणि तपासलेल्या प्रकरणांपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी अपुऱ्या कागदपत्रांवर परवाने दिले होते. हे वाक्य दोनदा वाचा. कागद सक्तीचा, पण तो वाचायला माणूस नाही. मग कागद फक्त भिंतीला टांगायचा उरतो.

परतूरसारख्या तालुक्याचं गणित सोपं आहे. अन्न व औषध प्रशासनाचं जिल्ह्याचं कार्यालय जालन्याला, म्हणजे तासा-दीड तासाचा रस्ता. बाजाराचा दिवस, गाडे, हॉटेलं, दूध डेअऱ्या, दिवाळीचा खवा. एका अधिकाऱ्याला एक नमुना घ्यायला किती सह्या लागतात ते आपण आत्ताच मोजलं. त्या सह्या कमी करा असं मी म्हणणार नाही, कारण प्रत्येक सही कुठल्या तरी आबांना वाचवते. सह्या करणारे वाढवा, एवढंच म्हणेन.

आपण काय करायचं?

हॉटेलात गेलात की भिंतीवर १४ आकडी नोंदणी क्रमांक बघा. २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्यालाही, अगदी गाडेवाल्यालाही, वर्षाला १०० रुपये फी भरून नोंदणी करायला लावली.

दुसरं, कायद्याच्या ४० व्या कलमाने हक्क फक्त अधिकाऱ्याला नाही, तुम्हालाही आहे. विकत घेताना दुकानदाराला सांगा की मी हे तपासायला देणार आहे, आणि फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घ्या. माल असुरक्षित निघाला तर फी परत. १८७५ च्या त्या इंग्रज गिऱ्हाइकाचाच हा नातू!

आणि तुमच्या घरचं दुकान असेल तर माल घेताना बिल घ्या. ओळखीच्या माणसाकडून घेतलात तरी घ्या.

आबा १९८८ मध्ये गेले. घर बदललं तेव्हा आजीने ती बाटली स्वतः मांडीवर घेऊन रिक्षातून आणली. आतलं दूध कधीच दूध राहिलं नव्हतं, तळाशी पिवळट थर आणि वर पाणी. शेवटी मी वकील असलेल्या एका मित्राला विचारलं. त्याने आजीला फोनवर सांगितलं, "आजी, आता कोणी येणार नाही. तुम्ही सुटलात." आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे त्यांना सांगायला पाहिजे होतं रे कुणीतरी."

बाटली आता माझ्या टेबलावर आहे. लाख तडकलीय, पण चिठ्ठीवर आबांची वाकडीतिकडी सही अजून दिसते.

तुमच्या घरात असा एखादा जपलेला सरकारी कागद आहे का? त्याची गोष्ट आम्हाला आवाजात पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर चहा घ्या, आणि भिंतीवरचा नंबर बघून घ्या!